पळणारी दासी

(छत्रपती संभाजीनगर येथे एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती भेटायला. दुःखाच्या घरी आपण जातो, तसं भेटायला. त्यांची धाकटी मुलगी तापाचं निमित्त होऊन गेली होती. नऊ वर्षांची. बैठकीत सतरंजी अंथरलेली, माणसं भिंतीला टेकून बसलेली, कुणी काही बोलत नव्हतं. शेजारचे एक वयस्क गृहस्थ अगदी मनापासून म्हणाले, "चांगली माणसं देवालाही आवडतात, सर." सरांनी मान वर केली आणि एवढंच म्हणाले, "मलाही ती आवडायची."

सुतक फिटल्यावर सर पुन्हा रोज सकाळी पूजेला बसू लागले, हे मला सरांच्या पत्नीकडून, काकूंकडून कळलं. ज्यानं मुलगी नेली, त्यालाच गंध आणि फूल? मी तेव्हा विद्यार्थिनी होते, विचारायचं धाडस झालं नाही. पुढं त्यांच्याच विभागात वर्षानुवर्षं शिकवलं, तरी विचारलं नाही. आज तोच प्रश्न घेऊन उभी आहे. देव चांगला आहे का? आणि त्याच्या चांगुलपणाची खात्री देता येत नसेल, तर त्याला हात का जोडायचे?

देव आहे की नाही, हा वाद मी आज बाजूला ठेवते. आपल्याकडे बाया-माणसं तो वाद घालतच नाहीत. शेतात गारपीट होऊन हातातोंडाशी आलेला घास जातो तेव्हा बाई विचारते, "देवाला डोळे आहेत का नाहीत?" कोर्टात खोटा माणूस जिंकतो तेव्हा हरलेला म्हणतो, "देव आहे का नाही या जगात?" या बोलण्याकडे नीट कान द्या. देव असण्याचा पुरावा कुणी मागत नाहीये. देव म्हणवून घ्यायचं असेल तर न्याय दिसला पाहिजे, असं ती माणसं बजावत आहेत. म्हणजे चांगलं काय आणि वाईट काय, हे त्यांना देवाला विचारायला जावं लागत नाही. ते त्यांच्यापाशी आधीच आहे आणि त्याच मापानं ती देवालाही मोजतात. माझ्या सगळ्या बोलण्याचा पाया हाच आहे: देवाला मोजण्याचा हक्क माणसाला आहे, आणि आपल्या मातीतल्या भक्तांनी तो कधी सोडलेला नाही.

या प्रश्नासाठी आपल्याला लांब जायला नको. इथून तीस किलोमीटरवर वेरूळ आहे. कैलास लेण्यात मुख्य मंदिराच्या दक्षिण अंगाला, खालच्या बाजूला, रावण कैलास पर्वत हलवतो आहे ते शिल्प आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. खाली कपारीत रावण, वीस हातांनी पर्वताला भिडलेला. वर शिव-पार्वती. पर्वत हादरल्यामुळे पार्वती दचकली आहे, तिनं शिवाचा हात घट्ट धरला आहे. शिव मात्र निवांत आहे. त्यानं पायाच्या अंगठ्यानं पर्वत दाबायचा आणि सगळं शांत व्हायचं, एवढीच गोष्ट. मार्गदर्शक तेवढंच सांगतात आणि सहल पुढं सरकते.

मी विद्यार्थ्यांना घेऊन किती वेळा गेले असेन, मोजदाद नाही. त्यांना मी नेहमी पार्वतीच्या पलीकडे बघायला लावायची. तिथं एक दासी आहे. ती पाठमोरी आहे आणि पळत सुटली आहे. तिचा चेहराही आपल्याला दिसत नाही. धरायला तिच्याजवळ कुणाचा हात नाही. तिच्या पायाखालचा डोंगर हलतो आहे आणि कशासाठी हलतो आहे हे तिला ठाऊक नाही. रावणाचा गर्व आणि शिवाचा अनुग्रह या मोठ्यांच्या गोष्टी. शिल्पी आठव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातला. देवाचं माहात्म्य कोरायचं काम त्याच्याकडे होतं आणि ते त्यानं चोख केलं. तरी ती दासी कोरायला तो विसरला नाही. देवाच्या चांगुलपणाबद्दलचा प्रश्न मला नेहमी तिच्या जागेवरून विचारावासा वाटतो. शिवाच्या आसनावरून तो प्रश्न पडतच नाही.

याच डोंगरात या प्रश्नाची आणखी दोन उत्तरं कोरलेली आहेत. एक ते बारा क्रमांकाची लेणी बौद्धांची, तिथं जग घडवणारा देवच नाही. तीस ते चौतीस जैनांची, तिथंही नाही. तीर्थंकर काही देत नाही आणि काही नेत नाही. त्याच्यापुढं हात जोडायचे ते त्यानं राग-लोभ जिंकले म्हणून. कैलास कोरणाऱ्या राष्ट्रकूटांच्याच घराण्यात पुढं अमोघवर्ष राजा झाला आणि त्याचे गुरू होते जिनसेनाचार्य. त्यांनी आदिपुराणात सृष्टिकर्त्या ईश्वराच्या कल्पनेला असे प्रश्न विचारले आहेत की आजचा बुद्धिवादीही थक्क व्हावा. त्यांतला एक तर सरळ आपल्या विषयाचा आहे. जिवांवरच्या मायेपोटी त्यानं जग घडवलं म्हणता, तर मग ते सगळं सुखाचं का घडवलं नाही? नवव्या शतकातला प्रश्न आहे हा. त्या विचारवंताला कुणी देशोधडीला लावलं नाही. तो राजाचा गुरू होता. ही आपल्या भागाची श्रीमंती आहे, आणि भावना दुखावण्याच्या आजच्या काळात तिची आठवण मुद्दाम काढायला हवी.

लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर घृष्णेश्वर आहे. मालोजीराजे भोसल्यांनी आणि पुढं अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं हे ज्योतिर्लिंग. त्याची कथा माझी आजी श्रावणात सांगायची. सुधर्मा नावाच्या ब्राह्मणाची बायको सुदेहा. तिला मूल होईना, म्हणून तिनंच आपली बहीण घुश्मा नवऱ्याला करून दिली. घुश्मा रोज मातीच्या एकशे एक पिंडी करायची, पुजायची आणि तळ्यात सोडायची. तिला मुलगा झाला. तो मोठा झाला, त्याचं लग्नही झालं. सुदेहाच्या मनात विष कालवलं गेलं आणि तिनं एका रात्री झोपेत त्याचा जीव घेतला, देह त्याच तळ्यात टाकला. सकाळी घरात आकांत झाला. घुश्मा पूजेवरून उठली नाही. पूजा आटोपून पिंडी सोडायला तळ्यावर गेली, तर मुलगा काठावर जिवंत उभा.

आजी इथं हात जोडायची आणि म्हणायची, "बायांनो, सोसावं ते असं." मला लहानपणापासून ही गोष्ट रुतत आली आहे. ख्रिस्ती बांधवांच्या बायबलात ईयोबाची गोष्ट आहे, आपल्या शहरातले मुसलमान हजरत अय्यूबच्या सब्राचा दाखला देतात. तोच हा माणूस. बायबलातल्या ईयोबाची सात मुलं आणि तीन मुली एका दिवसात गेल्या, आणि शेवटी त्याला पुन्हा सात मुलं, तीन मुली झाल्या. हिशेब जुळला, पण पहिली दहा कुठं परत आली? ईयोबानं निदान तोंड उघडून देवाशी वाद घातला. आपल्या घुश्मेच्या तोंडी कथेनं तक्रारीचं अवाक्षर दिलं नाही. आणि तळ्यात गेलेलं पोर काठावर परत येत नाही, हे गोदाकाठच्या कुठल्याही आईला विचारा.

पण कथा इथं संपत नाही. शिव प्रकट झाला आणि सुदेहाला मारायला निघाला. तेव्हा घुश्मेनं त्याचा हात धरला. तिला मारू नकोस, म्हणाली, ती माझी बहीण आहे. या क्षणी त्या तळ्याकाठी चांगलं कोण? ज्याच्या हाती शस्त्र आहे तो, की जिचं पोर मारलं गेलं आणि तरी जी त्या शस्त्राला आडवी आली ती? कथेनं ज्योतिर्लिंगाला देवाचं नाव न देता तिचं नाव दिलं. तिचा ईश्वर तो घुश्मेश्वर, म्हणजेच घृष्णेश्वर. हे नाव ठेवणाऱ्यांना बरंच काही कळलेलं होतं, असं मला वाटतं.

आता मी १९९३ कडे येते. त्याशिवाय मराठवाड्यात या विषयावर बोलता येत नाही.

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. लोक गणपती बोळवून रात्री उशिरा झोपले. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, राजेगाव, होळी अशी गावंच्या गावं काही सेकंदांत ढिगारा झाली. बावन्न गावं नव्यानं वसवावी लागली. आठ ते दहा हजार माणसं गेली. ज्या देवाला आदल्या संध्याकाळी 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून निरोप दिला, त्याचा गुलाल अजून केसांत होता.

आमच्या महाविद्यालयाची तुकडी चौथ्या दिवशी पोचली. मी जे पाहिलं त्याचं वर्णन करणार नाही. एकच गोष्ट सांगते. दोनेक आठवड्यांनी, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये धान्य वाटत फिरत होतो. एका शेडच्या दारात, बाहेर मातीत, देवाचे टाक मांडलेले दिसले. खंडोबा, भवानी आणि एक घासून सपाट झालेला, ओळखू न येणारा. चांदी काळी पडली होती, कडांना ढिगाऱ्याची माती चिकटलेली. खाली पाट नाही, कापड नाही. आत साठीची एक बाई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिच्या घरातली पाच माणसं गेली होती. मला वाटलं टाक चुकून बाहेर राहिले, म्हणून मी ते उचलायला वाकले. ती आतूनच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई तितंच. आमी भाईर बसलाव, त्येंनी बी बसावं."

मी ते टाक तसेच ठेवले. देवाच्या न्यायावरची पुष्कळ पुस्तकं मी नंतर वाचली. इतकं नेमकं वाक्य मला त्यांत सापडलं नाही.

आपल्या चालीरीतींत हे बसतंही. पोराचा निकाल, नवऱ्याचं ऑपरेशन असलं की घरातली बाई देव पाण्यात ठेवते. पाऊस ओढ धरतो तेव्हा गावकरी महादेवाच्या गाभाऱ्यात घागरी ओतून पिंड बुडवतात, आम्ही तहानलेले तर तूही गुदमर म्हणून. शिकलेली माणसं याला अडाणीपणा म्हणतात. घागरींनी पाऊस पडत नाही, हे मलाही कळतं. पण त्या घागरीत एक मागणी आहे, आणि ती माणसाच्या ताठ कण्यातून आलेली आहे.

त्या दिवसांत दुसरंही ऐकलं. 'पाप फार वाढलं होतं.' 'गेल्या जन्मीचे भोग.' 'देवीचा कोप.' हे सगळे शब्द ज्यांची घरं उभी होती अशांच्या तोंडचे होते. ढिगाऱ्यावर बसलेल्या एकाही माणसाच्या तोंडून मी ते ऐकले नाहीत.

कोप म्हणायचं तर तो कसल्या भिंतींवर झाला ते बघा. तिथली जुनी घरं दगड-मातीची. दोन-दोन, अडीच फूट रुंदीच्या भिंती, बाहेरून घडीव दगड, आत गोटे, आणि सांधायला नुसता चिखल. वर लाकडी खणांवर माळवद, उन्हाळ्यात गारवा देणारं, पावसाळ्याआधी दरवर्षी मातीचा नवा थर घेऊन जड होत गेलेलं. कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती कोसळल्या. माणसं झोपेत भिंतींखाली गेली. सरकारी भूकंप-नकाशात हा सगळा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आदल्या वर्षी ऑक्टोबरात किल्लारीला धक्के बसले होते, जमिनीतून आवाज आले होते. भिंतींखालच्या मरणात देवाचा वाटा किती आणि नकाशाचा, चिखलाचा, गरिबीचा किती, हा हिशेब आधी मांडायला हवा. देवाच्या नावावर खपवलेल्या पुष्कळ गोष्टी माणसाच्या असतात. पण सगळ्या नसतात, हेही मी प्रामाणिकपणे सांगते. पाळण्यातल्या पोरानं चिखल निवडला नव्हता. तिथं आपली सगळी स्पष्टीकरणं थांबतात.

भूकंपानं हा प्रश्न दुसरीकडेही उभा केला आहे. १७५५ मध्ये लिस्बनला भूकंप झाला तो १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना. जे होतं ते भल्यासाठीच होतं म्हणणाऱ्यांवर व्हॉल्टेअर तुटून पडला आणि युरोपची श्रद्धा पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. आपल्याला अधिक जवळचं उदाहरण आहे बिहारचं. १५ जानेवारी १९३४ ला तिथं मोठा भूकंप झाला. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध देशभर दौऱ्यावर होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरानं दिलेली शिक्षा आहे, असं ते म्हणाले. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेच्या प्रश्नावर गांधीजींच्याच बाजूचे, पण त्यांनी जाहीर हरकत घेतली. असा अंदाधुंद दंड माणूससुद्धा देत नाही, मग माणसाची नीती ईश्वराहून वरचढ ठरेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. गांधीजींविषयी मला अपार आदर आहे. या बाबतीत ते चुकले आणि रवींद्रनाथ बरोबर होते, असं माझं ठाम मत आहे. त्या भूकंपात अस्पृश्यांची घरंही पडलीच की. त्यांना कसली शिक्षा झाली?

आपले संत असल्या स्पष्टीकरणांवर थांबले नाहीत. ते भांडले. हिंगोलीजवळच्या नरसीचे नामदेव. औंढ्या नागनाथाला त्यांना कीर्तनातून उठवलं, तेव्हा देऊळच फिरलं अशी कथा आहे. न्याय मागणाऱ्याकडे देवाला तोंड वळवावं लागलं, असा तिचा अर्थ मी लावते. गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला ज्या शिव्या देते त्या आज व्यासपीठावरून उच्चारल्या तर तुम्ही दचकाल. आणि तिच्या भक्तीविषयी सातशे वर्षांत कुणी शंका घेतलेली नाही.

पण भांडणाचं टोक गाठलं ते चोखोबांच्या घरानं. चोखामेळा दाराबाहेर उभा राहून आळवतो, त्याच्या स्वरात अजून आशा आहे. त्याची बायको सोयराबाई विटाळावर असा युक्तिवाद करते की धर्मशास्त्र्यांना उत्तर सुचू नये. मुलगा कर्ममेळा. त्याला आळवणंच मंजूर नाही. आम्हाला या जन्मात घालून तुला काय मिळालं, तुला लाज कशी वाटत नाही, अशी त्याची भाषा आहे. बापानं माळ गळ्यात ठेवून मान खाली घातली, पोरानं मान वर केली. अभ्यासक्रमात बाप असतो, पोरगा क्वचितच. चोखोबा मंगळवेढ्याला वारले तेही गावकुसाच्या कामावर भिंत अंगावर कोसळून, हे किल्लारीनंतर मला विसरता येत नाही.

कर्ममेळ्याचा प्रश्न सहाशे वर्षं तसाच राहिला. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर उभी राहिली. पाच वर्षं सत्याग्रह चालला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा झाली आणि बावीस प्रतिज्ञांतल्या पहिल्याच प्रतिज्ञेत जुन्या देवांची उपासना नाकारली गेली. जो आपल्या दाराशी माणसाला तिष्ठत ठेवू देतो, तो पूजेला पात्र नाही, असा तो निकाल होता. मी वारकरी घरात वाढले, आजही आषाढीला माझा उपास असतो. पण ज्यांनी हा निकाल दिला त्यांचा तो देण्याचा हक्क शंभर टक्के होता, हे म्हटल्याशिवाय मला माझी माळ घालता येणार नाही.

बाबासाहेबांनी आपलं 'अनटचेबल्स' हे पुस्तक ज्या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं त्यांत चोखामेळा आहेत. पंढरपुरातली चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा गाडगेबाबांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. त्याच संस्थेनं १९५० मध्ये आपल्या या शहरात महाविद्यालय काढलं. त्याला पुढं नाव मिळालं मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन म्हणजे उत्तर देणारा भिक्खू. 'मिलिंद पञ्ह' या पाली ग्रंथात राजा एक पेच टाकतो: बुद्ध पूजा स्वीकारत असेल तर तो सुटलेला नाही, स्वीकारत नसेल तर पूजा वाया गेली. नागसेन विझलेल्या आगीचा दाखला देतो. ती लाकडं मागत नाही. पण ज्याला ऊब हवी तो स्वतः खटपट करून आग पेटवतोच. पूजेची गरज पूजा घेणाऱ्याला नाही, करणाऱ्याला आहे. जुन्या मराठी हिशेबात शून्याला 'पूज्य' म्हणायचे, ते मला इथं आठवतं.

महात्मा फुल्यांनी दुसऱ्या वाटेनं तेच सांगितलं. त्यांचा निर्मीक चांगला आहे, त्यानं सगळ्या माणसांना सारखं घडवलं, आणि म्हणूनच त्याला फुलं-नैवेद्य नकोत. 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघालं. देवाला चांगला मानूनही पूजेचं अवडंबर मोडता येतं, हे त्या पुस्तकानं दाखवलं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर असं आहे. भूकंप, गारपीट, ताप हे सगळं योजून घडवणारा, आणि वर 'यात तुमचं भलं आहे' म्हणणारा देव असेल, तर तो चांगला नाही. त्याला मी भिईन कदाचित, हात जोडणार नाही. सामर्थ्य आहे म्हणून पूजा करायची तर मग गावगुंडानं काय घोडं मारलं? मी ज्याला हात जोडते तो विटेवरचा काळा दगड एवढ्याचसाठी माझा आहे की त्याच्यापुढं जनाबाईला शिव्या देता आल्या आणि कर्ममेळ्याला लाज काढता आली. ज्या देवापुढं तोंड उघडायची मुभा नाही, त्याचं देऊळ कितीही मोठं होवो, मी त्या रांगेत उभी राहणार नाही. आणि माझा विठ्ठल चांगला आहे का? सिद्ध करता येत नाही. तसा तो असावा असं मला वाटतं, आणि तसा नसला तर त्याला जाब विचारणाऱ्यांच्या बाजूला मी असेन.

तुकोबांचं एवढंच सांगते. १६३० च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको रखमा अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. तेही देवावर असे काही चिडलेले आहेत की एके ठिकाणी तो मेल्याचंच त्यांनी जाहीर केलं. पण त्या दुष्काळानंतर त्यांनी काय केलं? परंपरा सांगते की घरातली सावकारीची खतं त्यांनी बाहेर काढली, भावाच्या वाटणीची त्याला दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत सोडली. देव पाण्यात ठेवायची रीत त्यांना माहीत होतीच. त्यांनी कर्जाचे कागद पाण्यात घातले. दुष्काळात होरपळलेली किती कुळं त्या दिवशी मोकळी झाली असतील.

पुढच्या वर्षी घटस्थापनेला मी पुन्हा त्या बाईकडे गेले. शेड तीच होती. टाक आत होते, पाटावर, चिंचेनं घासून लख्ख केलेले. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "पाऊस लागला की वो बाई. भिजाय लागले. किती दिस भाईर ठेवावं?"

मी दारातच बसले. घुश्मेचा हात मला तिथं पहिल्यांदा समजला.

सरांना न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, असा माझा दावा नाही. कदाचित ज्या दिवशी ते पुन्हा पूजेला बसले, त्या दिवशी त्यांनी कुणाला तरी आत घेतलं होतं, एवढंच. मला तुमच्याकडे एक मागायचं आहे. दुःखाच्या घरी जाल तेव्हा देवाच्या वतीनं बोलू नका. 'त्याची मर्जी', 'भोग सरले', 'देवाला आवडला' यांतलं काही म्हणू नका. देवाला स्वतःची बाजू मांडायची असेल तर तो मांडेल. तुम्ही सतरंजीवर बसा, पोरांना जवळ घ्या, आणि त्या घरात चूल पेटलेली नसते हे लक्षात ठेवा.

सरांकडे त्या दिवशी संध्याकाळी गल्लीतल्या एका बाईनं पितळी डब्यात पिठलं आणि फडक्यात बांधून भाकरी आणल्या होत्या. तिनं डबा स्वयंपाकघरात ठेवला, काकूंच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती निघून गेली. ती एक शब्दही बोलली नव्हती.